मधमाशीचा जमाखर्च



मधमाशीविषयी बोलायचे म्हटले म्हणजे वक्त्याने तिच्या उद्योगीपणाची स्तुती करावी, मुलांना तिचा कित्ता गिरवायला सांगावे आणि शेवटी मधाचे औषधी गुण वर्णन करून रजा घ्यावी, असा आपल्याकडे एक रिवाजच पडून गेला आहे. आज मी तो पाळणार नाही. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. तेव्हा मधमाशीकडे मी पाहणार आहे ते एखाद्या दुकानदाराच्या नजरेने. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या शेतीत ती जमेला काय टाकते, तिच्या नावावर आपण खर्च काय मांडतो, आणि हे खाते अलीकडे तुटीत का जाऊ लागले आहे, एवढाच माझा विषय आहे. मध ही त्या खात्यातली सर्वांत लहान रक्कम आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी माश्यांची ओळख करून घेऊ, कारण ‘मधमाशी’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या जातींची माणसे, म्हणजे माश्या, एकत्र कोंबतो. आग्या मोहोळ सर्वांच्या परिचयाचे. उंच वडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीच्या पोटाशी किंवा पुलाच्या कमानीखाली लोंबणारे एकच मोठे पोळे. दुसरी फुलोरी. हिचे पोळे तळहाताएवढे; बोरीच्या, बाभळीच्या, कधी डाळिंबाच्या झुडपातही सापडते. तिसरी सातेरी, ती झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकापुढे एक अशी पोळी बांधते. तिचे खरे माहेर सह्याद्रीच्या अंगाला. चौथी मेलिफेरा नावाची परदेशी माशी. १९६२ साली त्या वेळच्या पंजाबातील आणि आता हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोटा बगवां येथे ती आपल्या देशात रुजवण्यात आली. आज ज्या पेट्या ट्रकवर लादून या पिकाकडून त्या पिकाकडे नेतात, त्या बहुतेक हिच्याच.

यांतल्या सातेरीला आणि मेलिफेराला पेटीत ठेवता येते. आग्याला आणि फुलोरीला पेटीत कोंडता येत नाही. त्या आपल्या मर्जीने येतात आणि मर्जीने जातात. आणि आपल्या उघड्या माळरानाच्या मुलखात बिनपगारी काम बहुतांशी याच दोघी करतात. आग्याची तर मोठी नवलाची गोष्ट आहे. पिके फुलोऱ्यात आली की ती येते, फुलोरा सरला की दूर निघून जाते आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच झाडावर परत येते. कामकरी माशीचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. म्हणजे जी माशी गेली ती परत येत नाही, तिचे वारस येतात. तरीही वसाहत तीच असते, असे शास्त्रज्ञांना आनुवंशिक तपासणीत दिसून आले आहे. जुना वड तोडला म्हणजे नुसते झाड जात नाही, एका घराण्याचा पत्ता जातो, तो असा.

आता जमेची बाजू पाहू. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या तालुक्यांतल्या डाळिंब बागाईतदारांना कळीचे गणित मी सांगायला नको. झाडावर नर कळी किती आणि मादी कळी किती, आणि मादी कळीतून सेटिंग किती धरते, यावर वर्षाचा हिशेब ठरतो. डाळिंबाचे फूल काही प्रमाणात स्वतःच्या परागावरही फळते. पण माश्यांचा वावर असेल तर सेटिंग सुधारते. म्हणूनच फुलोऱ्याच्या दिवसांत बागेत भाड्याच्या पेट्या आणून ठेवणारे शेतकरी आता आपल्याला दिसतात. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेथे जाऊन चौकशी करावी.

सूर्यफुलाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याचे एक फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांची थाळी असते आणि ती कडेकडून मध्याकडे हळूहळू उमलत जाते. माश्या कमी पडल्या की मधले दाणे पोचट राहतात. यावर शेतकऱ्याला सल्ला काय देतात? सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम फडके गुंडाळावे आणि प्रत्येक फुलावरून हलकेच हात फिरवावा. सल्ला चांगला आहे, त्याने दाणा भरतो. पण मी अर्थशास्त्राचा माणूस असल्यामुळे लगेच विचारतो, की या हाताची मजुरी कोण देणार? पूर्वी हेच काम फुकट होत होते, म्हणून ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. ज्या वस्तूची किंमत वहीत नसते ती गेल्याचेही आपल्याला उशिरा कळते.

कांद्याच्या बियाण्याचेही असेच. गोंड्यातल्या एकेका फुलाचा पराग आधी पिकून झडतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर मागाहून तयार होते. निसर्गानेच नवरा-बायकोच्या वेळा चुकवून ठेवल्या आहेत म्हणा ना! तेव्हा एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारे कुणीतरी लागतेच. माशी आली नाही, तर गोंडा वरून छान दिसतो आणि चोळून पाहिला तर बी थोडे. चीनमधल्या सिचुआन प्रांतात काही भागांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून माणसे सफरचंदाच्या आणि नासपतीच्या झाडांवर चढून कुंचल्याने पराग लावीत आली आहेत. मजूर स्वस्त होते तोवर ते परवडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मधमाशी नाहीशी झाली तर चार वर्षांत माणूस नाहीसा होईल, असे एक वाक्य आईनस्टाइनच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्याने ते कधी म्हटल्याचा पुरावा मिळत नाही, आणि ते खरेही नाही. आपली ज्वारी वाऱ्यावर आणि स्वतःच्या परागावर पिकते. मोहोळच्या मालदांडीला माशीची गरज नाही. गहू, भात यांनाही नाही. भुईमूग आणि हरभरा आपले आपण फळतात. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, हे आपले सोलापुरी जेवण शाबूत राहील! जाईल ते कोरड्यास. भोपळा, काकडी, दोडका, कारले, कलिंगड, कांद्याचे बी, डाळिंबाची भरघोस फळे, करडई-सूर्यफुलाच्या तेलाचा काही भाग, हे सारे कमी आणि महाग होईल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातली ११५ प्रमुख अन्नपिके तपासली, तेव्हा ८७ पिकांना कमीअधिक प्रमाणात कीटकांची किंवा इतर प्राण्यांची मदत लागते असे आढळले. वजनाने मोजले तर ती जगाच्या अन्नोत्पादनाच्या सुमारे ३५ टक्के भरतात. पोट भरेल, पण जेवण फिके होईल. आणि फिके जेवण प्रथम गरिबाच्या ताटात येईल.

बरे, माश्या कमी का होतात? परदेशात याचा मोठा गवगवा झाला तो २००६-०७ च्या हिवाळ्यात. अमेरिकेतल्या मधपाळांनी पेट्या उघडल्या तो आत राणी आहे, अंडी-अळ्या आहेत, मधही आहे, आणि कामकरी माश्या मात्र बेपत्ता! मेलेल्याही सापडेनात. काहींच्या तीस टक्के पेट्या गेल्या, काहींच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. पुष्कळ शोध झाला. व्हॅरोआ नावाचा गोचिडासारखा परजीवी, तो पसरवीत असलेले विषाणू, कीटकनाशके, एकाच पिकाच्या परागावर झालेले निकस पोषण आणि हजारो मैलांचा ट्रकचा प्रवास, अशी अनेक कारणे पुढे आली. एक गुन्हेगार सापडला नाही, टोळी सापडली.

आपल्या देशानेही एक मोठा तडाखा सोसला आहे, पण त्याची आठवण फारशी निघत नाही. ‘थायी सॅकब्रूड’ नावाचा विषाणूजन्य रोग १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींत पसरला. यात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. केरळ, तमिळनाडू आणि आपला शेजारी कर्नाटक या राज्यांत सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्या. व्हॅरोआची कथा याच्या उलट. हा किडा मूळचा आपल्या सातेरीच्याच अंगावरचा. ती त्याला झाडून टाकायला शिकलेली आहे. मेलिफेराला तो नवा, म्हणून ती त्याला बळी पडते. माश्यांची ने-आण वाढली की त्यांच्याबरोबर रोगांचीही होते, हे पेट्या आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परंतु आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर अमेरिकेच्या गूढ रोगाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बांधाकडे पाहावे, असे माझे मत आहे.

पाऊस आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पूर्वी ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असत. जोडीला जवस, तीळ, कारळा, हुलगा, मटकी असे काहीबाही असे. एक फुलोरा संपेपर्यंत दुसरा सुरू होई. बांधावर बोर, बाभूळ, लिंब, करंज. माशीच्या दृष्टीने ही बारमाही खाणावळ होती. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस वाढला. उसाला मी नावे ठेवीत नाही. त्याने किती घरांत पक्क्या भिंती आणि शाळा-कॉलेजची फी आणली हे मी माझ्या वर्गातच पाहतो. पण माशीसाठी उसाचा फड म्हणजे हिरवे वाळवंट. तुऱ्यात तिला मध नाही. तेलबियांची पिके बाजारात हरली, कारण बाहेरून येणारे पामतेल स्वस्त पडू लागले आणि करडईचे काटे मजुरांना नकोसे झाले. बांध नांगराखाली गेले. पालखीमार्ग आणि महामार्ग रुंद होताना कडेचे जुने वड, लिंब गेले. यांतला प्रत्येक निर्णय ज्याने घेतला त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. सगळ्यांची बेरीज मात्र अशी झाली, की वर्षातले काही महिने खाणावळ बंद राहू लागली. मग ही भुकेली माशी रसवंतीवर येते, गुऱ्हाळाच्या काहिलीभोवती घोंगावते आणि पाकात चिकटून मरते. तमिळनाडूत संशोधकांनी कॉफीच्या दुकानांजवळ टाकलेले कागदी पेले तपासले होते. तळाच्या गोड थेंबांपायी त्यांत हजारो माश्या मेलेल्या सापडल्या. तो लेख २०११ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे कारण औषध फवारणीचे. डाळिंबाला कळी निघते त्याच दिवसांत फुलकिडे आणि मावा येतात. बागाईतदार खरोखर पेचात असतो. फवारावे तर माशी मरते, न फवारावे तर कळी जाते. ‘औषधे मारूच नका’ असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. ज्याने बागेवर कर्ज काढले आहे त्याला तो करण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी समजून घेता येतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि तेथून पराग-मधात उतरतात. ती माशीला दर वेळी जागच्या जागी मारतातच असे नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली माश्यांच्या पाठीवर बारीक खुणेच्या चकत्या चिकटवून, थोडे थायामेथोक्झाम चाटवून त्यांना दूर सोडले. त्यांतल्या बऱ्याच घरी पोचल्याच नाहीत. वाट चुकलेली माशी मेल्यातच जमा. युरोपीय संघाने २०१८ साली या जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्या दुकानांत ती मिळतात. तेव्हा ती फुलोऱ्यात टाळावीत ही पहिली गोष्ट. दुसरी वेळेची. माशी सूर्यप्रकाशात काम करते. जे फवारायचे ते दिवस मावळल्यावर फवारले, तर निदान अंगावर थेट पडणारे विष तरी चुकते.

तिसरे कारण जुनेच आहे. आग्या मोहोळ झाडताना रात्री पेटते पलिते लावून सगळी वसाहत जाळायची, पोळे मुळापासून उतरवायचे, आणि पिळताना मधाबरोबर अळ्याही पिळायच्या. मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या फुगीर भागात असतो. अंगभर संरक्षक कपडे घालून तेवढाच भाग कापता येतो आणि खालचे पिलांचे पोळे ठेवता येते. याचे शिक्षण मिळते. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीला मोहोळ लागले तर भीती वाटणे रास्त आहे, मुलांच्या जिवाचा प्रश्न असतो. पण रॉकेलचा बोळा हा पहिला उपाय नसावा. मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये, दगड मारू देऊ नये, आणि जाणकाराला बोलवावे.

आता मूळ हिशेबाकडे येतो. जगभरात पाळीव माश्यांच्या पेट्या घटत चालल्या आहेत असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात १९६१ नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत जगातल्या पेट्या साधारण ४५ टक्क्यांनी वाढल्या. पण त्याच काळात माशीवर अवलंबून असलेल्या पिकांचे उत्पादन ३०० टक्क्यांहून अधिक वाढले. म्हणजे मागणी चौपट आणि पुरवठा दीडपटही नाही. आमच्या शास्त्रात याला टंचाई म्हणतात. आपल्या जिल्ह्यातही डाळिंब, कलिंगड आणि कांद्याचे बी घेणाऱ्यांना माशी हवी आहे, आणि तिला जगवणारे बांध, गायराने व मिश्र पिके आक्रसली आहेत. टंचाई आली की भाडे येते. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो हंगामापुरत्या पेट्या आणील. कोरडवाहू दोन एकरांत भोपळा आणि थोडे सूर्यफूल करणाऱ्याने काय करावे? आग्या आणि फुलोरी दोघांकडेही सारख्याच येत होत्या. त्या गेल्या, तर जे सर्वांचे होते ते विकत घेण्याची पाळी येते, आणि ती आधी त्याच्यावर येते.

शिवाय माशीला सात-बारा कळत नाही. भाड्याच्या पेट्या एकाच्या बागेत असतात, ती चरायला जाते दुसऱ्याच्या शिवारात आणि तिसरा भरदुपारी पंप सुरू करतो. नुकसान पहिल्याचे. हे भांडण तलाठ्याकडे नेता येत नाही आणि कोर्टात तर मुळीच नाही. म्हणून हा प्रश्न एकेका शेतकऱ्याचा नसून गावाचा आहे. ‘फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी संध्याकाळी करायची आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचे’ एवढा एक ठराव ग्रामसभेत करायला सरकारी मंजुरी लागत नाही.

सरकारी मदत नाही असे नाही. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि पेट्यांसाठी निम्मे अनुदान मिळते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथे भोवताली जंगल आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. पेटी म्हणजे गोठा. वैरणीची सोय नसताना अनुदानातून गोठा बांधला तर जनावर उपाशी मरते. आपल्याकडे पेटीच्या आधी बांधावर करंज, शेवगा, लिंब, बोर लावले पाहिजेत, रब्बीत चार तास तरी करडईचे टाकले पाहिजेत. आणि पाणी हवे. वसाहतीच्या मध्यभागी चौतीस-पस्तीस अंश उष्णता राखावी लागते; आपला उन्हाळा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. आपली शेततळी प्लॅस्टिकच्या कागदाने गुळगुळीत मढवलेली. पाण्याला आलेली माशी घसरून बुडते. कडेला ओल्या गोणपाटाची पट्टी सोडावी, किंवा उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवावे. याला खर्च नाही.

शेवटी शिक्षकबंधूंसाठी एक प्रयोग सांगतो. शाळेच्या कुंपणाला लाल भोपळ्याचा वेल लावावा. ज्या फुलाच्या देठाशी बारीक गोळ्याएवढा भोपळा दिसतो ते मादी फूल. दुसऱ्या दिवशी उमलणार अशा दोन मादी कळ्या निवडाव्यात. एकीवर संध्याकाळीच मलमलीची पिशवी बांधावी, दुसरी तशीच ठेवावी. सकाळी मुलांना वेलाजवळ, पण थोडे लांब बसवून उघड्या फुलावर किती माश्या येतात ते मोजू द्यावे. फूल मिटले की पिशवी काढून टाकावी. पुढे आठवडाभर दोन्ही देठांकडे रोज पाहावे. बांधलेल्या फुलामागचा गोळा पिवळा पडून गळेल, उघड्यामागचा फुगत जाईल. रोजचे माप दोरीने घेऊन तारखेसह फळ्यावर मांडावे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे.